तीनचाकीची गादी

मंडळी, एक प्रश्न विचारतो. मास्तरकी सुटली तरी प्रश्न विचारण्याची खोड काही सुटत नाही. हाताने पॅडल फिरवून चालवायची जी तीनचाकी सायकल अपंग माणसांना मिळते, तिचा सगळ्यात महत्त्वाचा भाग कोणता? गेल्या वर्षभरात मी हा प्रश्न बऱ्याच जणांना विचारून पाहिला. कोणी चाके म्हणाले, कोणी साखळी. एका निवृत्त इंजिनिअर स्नेह्यांनी तर पुढच्या चाकाच्या फोर्कवर मला दहा मिनिटे ऐकवले. माझी नात तेवढी म्हणाली, "आजोबा, सीट. तो माणूस दिवसभर तिथंच तर असतो ना!"

नातीला पैकीच्या पैकी.

आपण सायकलवर बसतो ते अर्धा तास, फार तर तासभर. पायात जोर असतो, खड्डा आला की बूड उचलतो, दुखायला लागले की उतरतो. तीनचाकीवाल्याचे तसे नाही. त्याची गाडी म्हणजेच त्याची खुर्ची, त्याच्या दुकानाचा गल्ला आणि लग्नाकार्यात बसायची जागा. सकाळी एकदा बसला की दहा-दहा तास तो तिथेच. म्हणून माझे मत असे आहे की गादीचे माप न घेता दिलेली तीनचाकी अर्धीच दिलेली असते, आणि त्या गादीच्या दुरुस्तीची सोय नसेल तर काही महिन्यांनी ती अपाय करायला लागते. हे मत मी आधी डोळ्यांनी बघून बनवले. वाचन नंतर केले.

शाळेत माझा जन्म मुलांना बसलेले बघण्यात गेला म्हणा ना! बाक सगळे एका मापाचे. पाचवीतल्या बुटक्या पोराचे पाय लोंबकळायचे, मग ते पुढे घसरायचे आणि पाठीला पोक काढून बसायचे. दहावीतला उंच मुलगा गुडघे अडकतात म्हणून तिरपा बसायचा. "नीट बस" म्हणून ओरडणारे शिक्षक मी पुष्कळ पाहिले, बाकाकडे बघणारे कमी. माणूस कसा बसतो हे पुष्कळदा त्याला कशावर बसवले आहे यावर ठरते, एवढे मात्र त्या वर्षांत पक्के कळले.

आता बसणे म्हणजे नेमके काय होते ते बघा. धडाचे बरेचसे वजन कुल्ल्यांतल्या दोन हाडांच्या टोकांवर येते. ओट्याच्या उघड्या फरशीवर मांडी न घालता बसा, दोन मिनिटांत ती हाडे कुठे आहेत ते कळेल. हाड वर, फरशी खाली, आणि मधे चिमटले जाते ते कातडे आणि मांस. तिथला रक्तपुरवठा थांबतो. आपल्याला ते दुखते, मुंग्या येतात, आणि आपण नकळत कूस बदलतो. सिनेमा बघताना तीन तासांत आपण किती वेळा इकडून तिकडे सरकतो ते कोणी मोजत नाही, पण त्या सरकण्यानेच आपले कातडे शाबूत राहते. ज्याला तिथे काही जाणवतच नाही त्याने काय करावे?

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी, आणि ती मला फार उशिरा कोणी तरी समजावून सांगितली. आपल्या डोळ्यांपुढे तीनचाकीवाला म्हणून जो माणूस येतो तो पोलिओचा. आमच्या पिढीने प्रत्येक गल्लीत, प्रत्येक वर्गात एखादे तरी कॅलिपरवाले मूल पाहिले आहे. पोलिओने पायातली ताकद जाते, पण संवेदना जात नाही. त्या माणसाला गादी टोचली की कळते, तो हातावर जोर देऊन सरकतो, शिव्या घालतो, खाली गोधडीची घडी घेतो. स्वतःची व्यवस्था स्वतः करतो. आता पोलिओ गेला. देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्याला सापडला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त म्हणून जाहीर झाला. ही आपल्या हयातीतली फार मोठी गोष्ट आहे, तिचे पुरेसे कौतुक झाले नाही असे मला वाटते. पण तीनचाक्या काही थांबल्या नाहीत. आता त्यांवर माझ्या ओळखीतले जे तरुण बसतात त्यांतले बरेच मोटारसायकलवरून पडलेले, विहिरीच्या कामावर पडलेले, निंबावर पाला तोडायला चढून खाली आलेले. मणक्याला मार. कमरेखाली ताकदही नाही आणि संवेदनाही नाही. गाडी तीच, गादी तीच, बसणारा मात्र बदलला. (मधल्या काळात 'अपंग' शब्द जाऊन 'दिव्यांग' आला. शब्द बदलणे सोपे असते.)

बधिर कातड्याला दाबाने जखम होते हे शहाणपण आपल्या देशात नवीन नाही. डॉ. पॉल ब्रँड १९४६ साली वेल्लोरला आले. तोवर समज असा होता की कुष्ठरोग्याचे पाय रोगानेच झडतात. ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की पाय बधिर असल्यामुळे खडा टोचला, चप्पल चावली तरी कळत नाही, माणूस त्याच जागेवर चालत राहतो आणि जखम वाढत जाते. उपाय काय, तर मऊ सूक्ष्मछिद्री रबराचा तळ असलेली चप्पल. ज्या साली ब्रँड आले त्याच साली आपल्या अमरावतीत डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी तपोवन सुरू केले. अमरावतीकरांना दाजीसाहेबांबद्दल मी काय सांगावे? पण तपोवनात जाऊन आलेल्या कोणालाही त्या जाड काळ्या तळाच्या चपला आठवतील. तिकडे इंग्लंडात १९४४ मध्ये डॉ. लुडविग गटमन यांनी स्टोक मँडेव्हिलच्या दवाखान्यात मणक्याला मार लागलेल्या सैनिकांना दर दोन तासांनी कुशीवर वळवायला लावले. तोवर असे सैनिक बहुधा वर्ष-दोन वर्षांत दगावत, अंथरुणातल्या जखमांनी आणि लघवीच्या संसर्गाने. पुढे याच दवाखान्याच्या अंगणातून पॅरालिंपिक स्पर्धा निघाल्या. म्हणजे पायाची चप्पल कशी असावी ते आपल्याला कळले, अंथरुणात कसे वळवावे ते कळले. बसायच्या गादीपाशी येऊन मात्र आपण थांबलो.

माझा एक विद्यार्थी आहे. नाव लिहीत नाही, गावही नाही. मूर्तिजापूर आणि दर्यापूर यांच्या मधले कुठले तरी समजा. शाळेत हूड, कबड्डीत पहिला. विहिरीच्या कामावर क्रेनच्या दोरावरून पडला आणि कमरेखालून गेला. तीन वर्षे घरात पडून होता. मग तालुक्याच्या एका शिबिरात त्याला तीनचाकी मिळाली. शिबिर कोणाचे ते महत्त्वाचे नाही. मंडप होता, हार होते, फोटो झाले. गाड्या ओळीने उभ्या, सीटवरचे प्लॅस्टिकसुद्धा तसेच. यादीत नाव पुकारले की ज्याची त्याला चावी दिल्यासारखी गाडी दिली. कोणाच्या कमरेची रुंदी मोजली नाही, पाय पाटीवर टेकतात का ते बघितले नाही. तरी तो आनंदात होता, आणि का नसावा? तीन वर्षांनी तो स्वतःच्या हाताने गावच्या चावडीपर्यंत गेला. बसस्टँडजवळ बिस्किट-पुड्यांची टपरी टाकली, सकाळी आठ ते रात्री आठ.

चौथ्या महिन्यात टपरी बंद दिसली. चौकशी केली तर पोरगा दवाखान्यात. डाव्या बाजूला लिंबाएवढे भोक, हाडापर्यंत. मी भेटायला गेलो तर म्हणतो, "मले काईच दुखलं नाई, सर. घरवालीनं चादरीवर डाग पायला तवा समजलं." अडीच महिने पालथा पडून काढले त्याने. टपरी गेली, उधारी बुडाली, बायको कापूस वेचायला जाऊ लागली. डॉक्टरांनी सांगितले, जखम भरली तरी त्याच सीटवर पुन्हा बसलास तर पुन्हा इथेच येशील.

ती सीट मी नीट पाहिली. वर काळे रेक्झिन, आत दीड-दोन इंच फोम, खाली प्लायवूड. फोम दाबला तर बोट सरळ फळीला लागत होते. सहा महिन्यांच्या आत त्याची भाकरी झाली होती. सीट त्याच्या अंगापेक्षा चांगली चार इंच रुंद, म्हणून तो डावीकडे कलून बसायचा आणि सगळा भार डाव्या हाडावर. पायाची पाटी खाली फार, त्यामुळे मांड्यांना आधार नाही, पाय लोंबकळणार आणि तो पुढे घसरणार. माझ्या पाचवीतल्या बुटक्या पोरासारखा! पावसात प्लायवूड फुगले होते आणि एका कोपऱ्यात स्क्रूचे डोके वर आले होते. ज्याला जाणवते त्याने पहिल्या दिवशी बोंब मारली असती.

आता थोडे भरावाविषयी, कारण यात आपले वऱ्हाडी लोक स्वतःला जाणकार समजतात. कापसाचा मुलूख आहे ना आपला! "फोम गीम काही नाही गुरुजी, रुई भरा." असे मला निदान चौघांनी सांगितले. रुईची गादी झोपायला उत्तम, यात वाद नाही. पण तिच्यावर रोज एकाच जागी बारा तास बसले की ती तिथे दबून गोळे धरते. म्हणूनच तर दर उन्हाळ्यात पिंजारी दारावर यायचा, धुनकीचा आवाज गल्लीभर व्हायचा, आणि गादी पिंजून पुन्हा फुगून यायची. रुई वाईट नाही, पण तिला दर वर्षी पिंजणारा माणूस लागतो. पिंजारी आता दिसत नाहीत. आणि ओली झालेली रुई वाळता वाळत नाही, हे ज्याला लघवीवर ताबा नाही त्याच्या बाबतीत फार महत्त्वाचे आहे.

फोमचे असे आहे की दुकानात नुसते "मऊ द्या" म्हटले की हलका, पोकळ माल मिळतो. तो हाताला छान लागतो आणि दोन महिन्यांत बसतो. फोमला घनता असते, दुकानदार त्याला 'डेन्सिटी' म्हणतात, ३२, ४० अशी. बसायला चाळीसचा खाली आणि त्यावर पातळ मऊ थर असा दोन पदरी घ्यावा. खालच्या कडक थरात बसायच्या हाडांच्या जागी उथळ खळगा कापायचा, म्हणजे भार हाडांवरून उतरून मांड्यांवर पसरतो. हे कापणे हीच खरी कारागिरी. खळगा पुढे-मागे झाला तर उपयोग शून्य. म्हणून आधी माणसाला बसवून मोजावे लागते.

एक उपाय लोक सर्रास करतात तो म्हणजे स्कूटरची ट्यूब थोडी हवा भरून सीटवर ठेवणे. हाडे मधल्या भोकात आणि भार कडेवर, असा हिशेब. ऐकायला पटते, पण करू नये. त्या गोल कडेच्या दाबाने आतल्या भागाचा रक्तपुरवठाच अडतो आणि मधले कातडे ताणले जाते. दुसरा प्रकार म्हणजे प्लायवूड काढून निवार किंवा ट्यूबच्या पट्ट्या विणणे. नवी असताना बाजेसारखी ताणलेली असते, मग झोळी होते. झोळीत बसले की दोन्ही गुडघे एकमेकांवर येतात, कंबर एका अंगाला कलते. जिवंत कमरेला झोळी चालते, बधिर कमरेला ताठ बैठक हवी.

कव्हरचेही तंत्र आहे. सीट छान दिसावी म्हणून कारागीर रेक्झिन ढोलकीसारखे ताणतो. ताणलेल्या कव्हरखाली फोम कितीही चांगला असो, त्यात हाड रुतत नाही आणि मग तो असून नसून सारखाच. कव्हर सैलसर, ताणणारे, धुता येणारे हवे. फोमला मेणकापडाची पिशवी आणि अंगाला लागेल ती बाजू सुती. आणि आपल्याकडचा उन्हाळा! अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ च्या पुढे जातो. उन्हात उभ्या तीनचाकीच्या काळ्या रेक्झिनवर आपण हात ठेवू शकत नाही. ज्याला भाजलेले कळत नाही तो त्यावर बसतो. काळे रेक्झिन कोणी निवडले असेल ते त्याला कधी तरी तिथे दुपारी दोन वाजता बसवले पाहिजे, असे मला मनापासून वाटते. असो.

या सगळ्याची एक सोपी परीक्षा आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या चाकाच्या खुर्चीच्या प्रशिक्षणात ती शिकवतात. बसलेल्या माणसाला सांगून, त्याच्या परवानगीने करायची. त्याने पुढे वाकावे. आपण तळवा वर करून बोटे गादी आणि बसायचे हाड यांच्या मधे सरकवायची. मग त्याने सरळ बसायचे. बोटांची टोके अर्धा सेंटिमीटर तरी वरखाली हलत असतील तर गादी चांगली. हलत नाहीत पण सहज बाहेर काढता येतात, तर सावध. बोटे चिमटून अडकली तर त्या गादीवर त्याने बसू नये. दोन्ही बाजूंना करायची. यंत्र नको, डॉक्टर नको. माझ्या विद्यार्थ्याच्या जुन्या सीटवर मी उशी ठेवून दुसऱ्या एकाला बसवून पाहिले, तरी बोटे सोडवताना दुखली.

याच संघटनेने २००८ साली गरीब देशांसाठी चाकाच्या खुर्च्यांची मार्गदर्शिका काढली. त्यांत खुर्ची देण्याच्या आठ पायऱ्या आहेत. माणसाला तपासणे, माप घेणे, खुर्ची त्याच्या अंगाला जुळवणे, वापरायला शिकवणे, आणि शेवटची पायरी म्हणजे पुढची देखभाल नि दुरुस्ती. आपल्या शिबिरात वाटपाची पायरी तेवढी फोटोसकट पार पडते. सरकारने काहीच केले नाही असे मी म्हणणार नाही. कानपूरचा एलिम्को कारखाना १९७२ साली स्थापन झाला, साधने वाटपाची केंद्राची योजना १९८१ पासून आहे, २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, आणि २०२२ च्या डिसेंबरात महाराष्ट्राने दिव्यांगांसाठी स्वतंत्र खाते काढले. पण योजनेप्रमाणे मोठ्या माणसाला तेच साधन पुन्हा हवे तर तीन वर्षे थांबावे लागते. गाडीचा सांगाडा तीन वर्षे आरामात टिकतो. फोम टिकत नाही. मधल्या अडीच वर्षांत त्याने कशावर बसायचे, याचे उत्तर कुठल्याही कागदावर मला सापडले नाही.

इथे थोडे विषयांतर करतो. न्यूझीलंडमध्ये पीटर लिन नावाचे पतंग बनवणारे एक गृहस्थ आहेत. त्यांनी १९९० च्या सुमारास तीन चाकांची एक बुटकी गाडी लोकांपुढे आणली. माणूस जमिनीला टेकल्यासारखा तिच्यात बसतो, हातात मोठा पतंग, आणि वाऱ्याने गाडी समुद्राच्या वाळूवर भन्नाट पळते. तिची सीट म्हणजे दोन दांड्यांच्या मधे ताणलेली कापडाची झोळी. आणि त्या सीटचे काय लाड! पट्टे कमीजास्त करायचे, पाठीचा टेकू वरखाली करायचा, कडेला पॅड शिवायचे, टाके उसवले की लगेच जाड दोऱ्याने पुन्हा घालायचे. दोन तासांच्या खेळासाठी. यात हसण्यासारखे काही नाही, ते बरोबरच करतात. धडधाकट माणूस आपल्या बसण्याबद्दल इतका चोखंदळ असतो, आणि ज्याला उठताच येत नाही त्याने मिळेल त्यावर बसावे, हे मात्र मला समजत नाही.

इतके दूर कशाला जा? आपला वऱ्हाडी कास्तकार बघा. दमणी जुंपायची तर आधी कडब्याच्या पेंढ्या पसरायच्या, वर पोते, वर सतरंजी. दर फेरीला नवी गादी! आणि बैलाचे तर विचारूच नका. जू घासून खांदा आला तर तो बैल कामाला लावत नसत, जुवाला चिंध्या गुंडाळत. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी, हळद आणि तूप लावून बैलाचे खांदे शेकायचे, त्याला जेवायचे आवतण द्यायचे. सण म्हणून करतात, पण त्या दिवशी घरातला कर्ता माणूस बैलाच्या खांद्यावरून हात फिरवतो आणि खांदा कुठे सोलवटला आहे का हे त्याला आपोआप कळते. ज्याला बोलता येत नाही त्याची जखम शोधायला वर्षातला एक दिवस आपल्या पूर्वजांनी राखून ठेवला होता.

माझी सूचना अगदी साधी आहे. पोळ्याच्या आसपास प्रत्येक ग्रामपंचायतीने गावातल्या तीनचाक्या आणि चाकाच्या खुर्च्या एके ठिकाणी बोलवाव्यात. तालुक्याहून एक कुशनवाला आणावा. बोटांची परीक्षा, फोम बदल, फुगलेली फळी बदल, स्क्रूची डोकी आत, पायाची पाटी वरखाली. गावात अशा गाड्या किती असणार? एका दिवसाचे काम. पैसा कुठून, तर स्थानिक संस्थांनी आपल्या उत्पन्नातला ५ टक्के वाटा दिव्यांगांसाठी खर्च करावा असा आपल्या राज्यात नियम आहेच. त्यातून रोख रक्कम वाटली जाते, कधी डबे, कधी चादरी. त्यातलेच थोडे गादीला जाऊ द्या. हार नकोत, मंडप नको.

यावर मला दोन उत्तरे मिळाली. एक गृहस्थ म्हणाले, धर्माच्या गायीचे दात मोजू नयेत. अहो, पण हा धर्म नाही. तुमच्या-माझ्या कराचा पैसा आहे आणि कायद्याने दिलेला हक्क आहे. शिवाय धर्माची गाय लाथ मारून दवाखान्यात पाठवत असेल तर दात नाही, निदान पाय तरी बघावेत की नाही! दुसरे म्हणाले, हे लोक गाड्या विकून टाकतात. विकतात, खरे आहे. विकलेल्या एकाला मी विचारले. "काहून विकली रे?" तर म्हणाला, "बसाले जमतच नोयतं बाप्पा, घसरत जाये." न बसता येणारी खुर्ची तुम्ही-आम्ही तरी घरात ठेवू का?

माझ्या विद्यार्थ्याची सीट आम्ही अकोल्यात करून घेतली. जुन्या शहरात ऑटोच्या सीट शिवणारा एक कारागीर आहे, वडिलांपासूनचा धंदा. पहिल्यांदा त्याला पटेना, रेक्झिन ताणू नको म्हटल्यावर तर फारच वाईट वाटले. मग जखमेचा फोटो दाखवला. थोडा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "मास्तरसाब, ऑटो में सवारी बैठती, उतर जाती. ये तो उतरताच नही." नंतर त्याने जे केले ते बघण्यासारखे होते. पोराला वर्तमानपत्रावर बसवले, खडूने कमरेची रुंदी आखली, मांडीची लांबी गुडघ्याच्या मागे दोन बोटे सोडून घेतली. वर्तमानपत्राखाली ओल्या मातीचा थर देऊन हाडांच्या दोन खुणा काढल्या, ही युक्ती त्याची स्वतःची. फोमच्या सुरीने खळगा कापला, पुन्हा बसवले, पुन्हा कापला. तीनदा. फळीला नवीन भोके पाडून बोल्टची डोकी खालच्या बाजूला घेतली. पाटी दीड इंच वर. सगळे मिळून साडेसातशे रुपये झाले, मजुरी त्याने कमीच लावली.

या गोष्टीला आता दीड वर्ष होत आले. फोम एकदा बदलला. पोरगा घड्याळ लावून अर्ध्या-अर्ध्या तासाने पुढे वाकतो, छाती गुडघ्यांवर टेकवून दोन मिनिटे थांबतो. गिऱ्हाइकांना वाटते गल्ल्यात काही तरी शोधतो आहे. रात्री बायको आरसा धरून बघते. टपरी चालू आहे.

त्या कारागिराकडे मागच्या महिन्यात गेलो होतो. भिंतीवर खिळ्याला ऑटोच्या सीटचे पुठ्ठ्याचे नमुने टांगलेले असतात, बजाजचा वेगळा, पियाजोचा वेगळा. शेजारच्या खिळ्यावर आमच्या पोराचा नमुना आहे, वर्तमानपत्रावरून पुठ्ठ्यावर उतरवलेला. त्याच खिळ्याला आता आणखी दोन पुठ्ठे लागले आहेत. एक लहान आहे, बहुतेक शाळेतल्या मुलाचा असावा. विचारले, तर म्हणाला बाळापूरचे लोक आले होते, त्यांचा.